सर्व माकडं, राहणार उपळा

धाराशिव तालुक्यात उपळा नावाचं गाव आहे. उपळे, उपळाई अशी मिळतीजुळती नावं या टापूत बरीच, म्हणून कागदावर या गावापुढं कंसात ‘मा.’ लिहितात. मा. म्हणजे माकडाचे. ऑक्टोबर २०२२ मध्ये हे गाव देशभरातल्या वर्तमानपत्रांत झळकलं. ग्रामपंचायतीकडच्या जमिनीच्या नोंदींत ३२ एकर जमीन गावात राहणाऱ्या सर्व माकडांच्या नावे निघाली होती. ही नोंद कुणी केली, कधी केली, हे गावात कुणालाच सांगता येत नाही. सरपंचांनीही पत्रकारांना तेच सांगितलं. लोकांना गंमत वाटली. ती बातमी मला इतक्या जणांनी मोबाईलवर पाठवली की शेवटी मी उत्तर देणंच सोडून दिलं.

सगळ्यांनी मलाच पाठवायचं कारण म्हणजे माझी सगळी नोकरी याच जिल्ह्यात तलाठी म्हणून झाली. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. गावकरी अजून तलाठीच म्हणतात. उपळा माझ्या सज्ज्यात कधी नव्हतं, तो कागद मी हाताळलेला नाही. पण बातमी वाचल्यावर डोक्यात आलेला पहिला प्रश्न आमच्या कामातलाच होता. वारस कोण?

खातेदार वारला की तीन महिन्यांत वर्दी द्यायची, गाव नमुना सहा-क मध्ये वारसांची नावं चढवायची, मग फेरफार, मग नोटीस, हरकत आली तर सुनावणी. माणसं मरतात आणि जमीन राहते, म्हणून तर आमचं खातं आहे. उपळ्यात ज्या कुणी ती नोंद लिहिली तो कसलेला कारकून असणार. ‘गावात राहणारी सर्व माकडं’ म्हटलं की एक मेलं काय आणि दहा जन्मली काय, फेरफार करायची गरजच नाही. मराठवाड्यात निजामाच्या काळापासूनची देवस्थानांची, मठांची, दर्ग्यांची इनामं आम्ही पुष्कळ पाहिली. खिदमतमाश म्हणतात त्यांना. मूर्तीला कायदा व्यक्ती मानतो, तिच्या नावे सातबारा असतो, आणि बहुतेक ठिकाणी पुजारी त्या जमिनीवर डोळा ठेवून असतो. इथं पुजारी नाही, मूर्ती नाही, थेट जिवंत मालक. पूर्वी गावात लग्न असलं की आधी माकडांना मान द्यायचे आणि मगच कार्य पुढं सरकायचं. आता सगळेच पाळत नाहीत, पण दारात आलेल्या माकडाला कुणी उपाशी पाठवत नाही, असं गावकरी सांगतात. त्या जमिनीवर एक जुनं घर होतं, ते पडलं. वनखात्यानं तिथं झाडं लावली. बातमी आली तेव्हा गावात शंभरेक माकडं होती. पूर्वी याहून जास्त होती म्हणतात.

वारसाचा प्रश्न मी विसरले नाही. निवृत्तीनंतर वेळ होता, मुलीनं पुस्तकं आणून दिली, आणि जे कळलं त्यानं मी चाटच पडले. प्रश्नाला खरंच उत्तर आहे. आपल्याकडची तांबड्या तोंडाची माकडं घ्या, काळ्या तोंडाची वानरं घ्या, टोळीचा मुलूख आईकडून मुलीकडं जातो. मादी ज्या टोळीत जन्मते त्याच टोळीत म्हातारी होते. तीच झाडं, तेच पाणवठे, त्याच वाटा तिला आईकडून कळतात आणि ती पुढं लेकींना दाखवते. नर वयात आले की बहुतेक निघून जातात, किंवा हाकलले जातात. म्हणजे उपळ्याच्या ३२ एकरांत आजवर किती पिढ्यांच्या वारस नोंदी व्हायला हव्या होत्या त्या सगळ्या लेकींच्या नावे. आमच्या दप्तरात चित्र उलटं. हक्कसोडपत्र घेऊन येणाऱ्या बहिणी मी किती पाहिल्या. डोक्यावर पदर, शेजारी भाऊ, आणि सही करताना विचारलेला एकच प्रश्न, ‘कुठं करू?’ मीही केली आहे ती सही. तो विषय वेगळा.

आता माकड आणि वानर या दोघांत आधी फरक करायला पाहिजे, कारण गावात आपण सरसकट माकडच म्हणतो. तांबूस तोंडाचं, अंगानं बुटकं, डोक्यावर भांग पाडल्यासारखे केस असलेलं ते माकड. हे गालात खाणं भरून घेतं आणि पळून जाऊन निवांत खातं. काळ्या तोंडाचं, काळ्या हातापायांचं, राखाडी अंगाचं, लांब पायांचं आणि जवळजवळ तीन फूट शेपटीचं ते वानर. लंकेच्या आगीत तोंड पोळलं म्हणून काळं, असं आमच्याकडच्या म्हाताऱ्या सांगतात. भुवयांचे केस पुढं टोकदार आलेले असतात, त्यामुळे वानर कायम काहीतरी हरकत घ्यायला आल्यासारखं दिसतं. मोठा नर पंधरा किलोच्या पुढं भरतो. त्याला हुप्प्या म्हणतात, कारण पहाटे उठल्यावर तो खरोखर ‘हूप’ करतो, आणि ते टेकडीपलीकडं ऐकू जातं.

वानराच्या शेपटीत एक नकाशा आहे. रूनवाल नावाचे मोठे प्राणिशास्त्रज्ञ होऊन गेले. चालताना वानर शेपूट कशी धरतं, एवढ्याच गोष्टीचा त्यांनी देशभर माग काढला. उत्तरेतलं वानर शेपूट पाठीवरून पुढं, डोक्याच्या दिशेनं वळवतं. दक्षिणेतलं ती वर उचलून मागं टाकतं. आणि या दोन चालींमधली सीमा साधारणपणे तापी आणि गोदावरीच्या काठानं जाते. धाराशिव गोदावरीच्या दक्षिणेला. आमच्या बालाघाटाच्या डोंगरात मी पाहिलेली वानरं शेपूट मागंच टाकतात. पैठणपलीकडं गेलात तर जरूर बघा. सीमेवर दगड नाही, मोजणी नाही, तरी चाल बदललेली.

खाण्याचीही गोष्ट वेगळी आहे. वानराचं पोट कप्प्याकप्प्यांचं असतं, आणि त्यात जंतूंच्या मदतीनं पाला आंबवून पचवला जातो, गाई-म्हशींच्या पोटात होतं साधारण तसंच. म्हणून तर ऐन उन्हाळ्यात, जिथं माकड तडफडेल तिथं वानर करकरीत पाल्यावर दिवस काढतं. आणि म्हणूनच दुपारी टोळीच्या टोळी फांद्यांवर पाय सोडून गप्प बसलेली दिसते. आळस नव्हे तो, पचन चाललेलं असतं. रस्त्यावर गाडी थांबवून बिस्किटांचे पुडे टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. पाल्यासाठी घडलेलं पोट आहे ते, मैद्या-साखरेसाठी नव्हे. पण सांगायचं कुणाला! येडशीच्या घाटात रामलिंगाला जाणारा प्रत्येक जण पुण्य कमवायला निघालेला असतो.

वाशी तालुक्यातल्या एका गावात माझं कार्यालय चावडीच्या जुन्या खोलीत होतं. समोर पिंपळ. उन्हाळ्यात वानरांची एक टोळी दुपारी त्याच पिंपळावर यायची, आणि दप्तर लिहिता लिहिता माझी मान वर जायची. एकदा एका मादीजवळ सकाळीच जन्मलेलं वाटावं असं पोर होतं. वानराचं पोर जन्मतं ते काळंभोर, फिकट गुलाबी तोंडाचं. राखाडी रंग यायला तीन-चार महिने तरी जातात. आईच्या मांडीला मांडी लावून दुसरी एक येऊन बसली. आधी तिनं आईच्या दंडावरचे केस विंचरले, उगीचच, उवा होत्या-नव्हत्या देव जाणे. मग हळूच हात पोराच्या पाठीवर. मग पोर उचलून छातीशी. आई बघत राहिली आणि कोवळी पानं खायला पलीकडच्या फांदीवर गेली! एवढ्यात तिसरी आली, अगदी पोरसवदा, आणि तिनं दुसरीच्या हातातून पोर ओढलं. एक पाय हिच्याकडं, एक हात तिच्याकडं. पोर चिरकलं. कोतवाल म्हणाला, ‘मॅडम, मरतंय ते.’ मेलं नाही. तिसरीनं ते उलटं धरलं, डोकं खाली, मग तिचं तिलाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं, सरळ केलं. तासाभरात ते पोर निदान चौघींच्या अंगावर फिरून आईकडं परत आलं.

हा माझ्या डोळ्यांना दिसलेला प्रकार वानरांमध्ये नेहमीचा आहे, हे मला फार उशिरा पुस्तकात वाचायला मिळालं. जन्मल्यापासून काही तासांतच पोर या हातातून त्या हातात जातं. आईला चरायला मोकळीक मिळते आणि तरण्या पोरींना पोर धरायचा सराव होतो. टोळीतल्या बहुतेक माद्या मावश्या, आज्या, बहिणीच असतात, त्यामुळे विश्वासाचा प्रश्न नसतो. तांबड्या तोंडाच्या माकडांत मात्र आई सहसा पोर सोडत नाही.

मानपानाची तऱ्हाही निराळीच. अबूच्या डोंगरावर सारा हर्डी या अमेरिकन संशोधक बाईंनी सत्तरच्या दशकात वानरांचा अभ्यास केला; त्यांचं पुस्तक १९७७ साली निघालं. त्यांना दिसलं की वानरांच्या बायकांत तरणीचा मान वर आणि वय वाढेल तशी ती खाली खाली सरकते. आधी वाचून वाईट वाटलं. पण शेजारच्या टोळीशी किंवा कुत्र्यांशी गाठ पडली की पुढं उडी घेणाऱ्यांत याच म्हाताऱ्या असतात, हेही त्याच बाईंनी लिहून ठेवलंय. खायला शेवटी आणि भांडायला पुढं. हे मात्र मला कुठल्या पुस्तकानं शिकवायची गरज नव्हती.

पुरुषांची बाजू काही गोड नाही. एका टोळीत बहुधा एकच मोठा हुप्प्या, दहा-पंधरा माद्या आणि पोरंटोरं. बाकीचे नर कुठं जातात? ते एकत्र हिंडतात, नुसत्या नरांच्या टोळक्यात. अशी टोळकी मी देवळाच्या शिखरावर बसलेली पाहिली आहेत, आठ-दहा दांडगे, पोर एकही नाही, आणि सगळ्यांच्या अंगावर कुठं ना कुठं जखमेची खूण. हे टोळकं संधी बघून हुप्प्याला हाकलतं, मग आपसांत भांडतं, आणि शेवटी एक जण टोळी घेतो. नवा आला की कितीदा तो आधीच्याची दूध पिती पोरं मारतो.

हे पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं ते आपल्या शेजारी, धारवाडला. जपानहून आलेल्या युकिमारू सुगियामांनी १९६१ ते १९६३ या काळात धारवाडच्या जंगलातल्या वानरांवर नजर ठेवली होती. त्यांचं म्हणणं सुरुवातीला अनेकांना पटलं नाही. गर्दी फार झाली, वानरं बिथरली, असं काहींनी म्हटलं. पुढं जोधपूरला मोहनोत यांनी तेच पाहिलं आणि अबूला हर्डींनी. हर्डींचा हिशेब कोरडा आहे. अंगावर पोर असलेली मादी लवकर माजावर येत नाही, पोर गेलं की येते. नव्या हुप्प्याकडं दिवस थोडे असतात, त्यालाही दोन-चार वर्षांत कुणीतरी हाकलणारच. माद्याही गप्प बसत नाहीत. त्या एकजुटीनं तुटून पडतात, काही पोर घेऊन कडेकडेनं राहतात, आणि काही बाहेरच्या नरांशीही संबंध ठेवतात, म्हणजे पोर कुणाचं याचा कुणालाच पत्ता लागू नये.

डिसेंबर २०२१ मध्ये आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातल्या लऊळ गावी वानरांनी कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, माळवदांवर नेल्याची बातमी गाजली. कुत्र्यांनी वानराचं पोर मारलं, त्याचा सूड म्हणून, अशी कथा तयार झाली. मेलेल्या पिल्लांचा आकडा रोज फुगत अडीचशेपर्यंत गेला. वनखात्यानं दोन वानरं पकडून नेली. सूड ही आपली वस्तू आहे, असं मला वाटतं. पिंपळावरची ती तिसरी पोरगी आठवा. जे लहान, काळं, चिरकणारं दिसेल ते उचलायची या जातीला ओढच आहे. वानराचं पोर पोटाला घट्ट चिकटून राहतं, कुत्र्याच्या पिल्लाला ते जमत नाही. ते पडतं, किंवा वर उपाशी राहतं. पण सूडाच्या बातमीला जेवढे वाचक मिळतात तेवढे याला कुठून मिळणार?

वाचता वाचता मी आफ्रिकेला पोचले. वानर-माकडांच्या कुटुंबजीवनाबद्दल जगाला जे कळलं त्यातला मोठा भाग तिथल्या बबूनकडून आला. भारतात बबून नाही. सगळ्यात जास्त पसरलेली जात ऑलिव्ह बबून, पश्चिमेला मालीपासून पूर्वेला इथिओपिया, केनिया, टांझानियापर्यंत. लांबून हिरवट-करडा दिसतो; जवळून पाहिलं तर एकेका केसावर पिवळे-काळे पट्टे. तोंड कुत्र्यासारखं लांब, नाकपुड्या पार टोकाला. शेपूट बुडापाशी वर उठते आणि मग मोडल्यासारखी खाली लोंबते. नराच्या खांद्यांवर दाट आयाळ, वजन पंचवीस किलोच्या आसपास, मादी त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. नराचे सुळे बिबट्याशी बरोबरी करतील असे. आमचं वानर झाडावरचं, बबून जमिनीवरचा. दिवसभर चार पायांवर गवताळ माळ तुडवत फिरतो, गवताची मुळं उकरतो, शेंगा, किडे, सापडलं तर हरणाचं पाडसही खातो आणि रात्री कड्यावर नाहीतर उंच झाडांवर चढून झोपतो.

शास्त्रीय नावात त्याला इजिप्तच्या अनुबिस देवाचं नाव मिळालंय. पण तिथल्या देवळांत खरा मान होता तो दुसऱ्या जातीच्या, हमाद्र्यास बबूनला, आणि तो थोथ या देवाचा प्राणी म्हणून. थोथ म्हणजे लिहिण्याचा देव, कारकुनांचं दैवत. लेखनिक बसलाय आणि बबून त्याच्यावर नजर ठेवून आहे अशा मूर्ती सापडल्या आहेत. बबून इजिप्तच्या रानात नव्हते, दक्षिणेकडून आणावे लागत; मेल्यावर त्यांच्या ममी करत. कारकुनांचा देव माकड असलेला देश होऊन गेला, आणि इकडं एका अनामिक कारकुनानं माकडांना ३२ एकर लिहून दिले. दोन गोष्टींचा संबंध काही नाही. मला आवडलं म्हणून सांगितलं.

ऑलिव्ह बबूनच्या टोळीत वानरासारखा एकच मालक नसतो. पंधरा-वीसपासून शंभरापर्यंत जनावरं, त्यात अनेक नर, अनेक माद्या. नराचा मान ताकदीवर, तो मारामाऱ्यांत चढतो-उतरतो. मादीचा मान मात्र जन्मानं ठरतो. आईच्या खालोखाल लेक, आणि लेकींमध्ये धाकटी बहुधा थोरलीच्या वर! ही उतरंड वर्षानुवर्षं टिकते. म्हणजे जमीन लेकींकडं जाणं आमच्या वानरांत आणि त्यांच्यात सारखं, पण वय वाढलं म्हणून आमच्याकडं खाली ढकलतात आणि तिकडं घराण्यामुळे जागा पक्की. पोराला हात लावायची हौस तिकडंही आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या चकमा बबूनमध्ये पीटर हेन्झी आणि लुईझ बॅरेट यांनी पाहिलं की पोराला हात लावू द्यावा म्हणून बाकीच्या माद्या आईचे केस विंचरून देतात, आणि टोळीत पोरं कमी असली तर जास्त वेळ विंचरावं लागतं.

हमाद्र्यासची गोष्ट याच्या अगदी विरुद्ध. इथिओपियात हान्स कुमर या स्विस शास्त्रज्ञानं साठच्या दशकात त्यांचा अभ्यास केला. खांद्यावर चंदेरी केसांची शाल पांघरलेला नर दोन-चार माद्या बाळगतो. मादी दूर गेली की मानेला चावा घेऊन तिला परत आणतो. तिथं मादीला आपली मूळ जागा सोडून नराच्या मागं जावं लागतं. हे वाचताना नोटीस बजावायला गेल्यावर दाराआडून बोलणाऱ्या बऱ्याच बायका मला आठवल्या.

टोळी कुठं जायचं ते कोण ठरवतं? मी छातीठोक सांगितलं असतं, सगळ्यात दांडगा. केनियात म्पाला इथं २०१२ साली एका टोळीतल्या बहुतेक बबूनच्या गळ्यात जागा दाखवणारे पट्टे घातले आणि सेकंदासेकंदाची हालचाल नोंदवली. २०१५ साली निष्कर्ष छापून आला. दांडग्याच्या मागं जातातच असं नाही. कुणीही चार पावलं पुढं जाऊन बघतो, मागं कुणी आलं तर पुढं सरकतो, नाही आलं तर परत येतो. दोन गट दोन दिशांना निघाले आणि दिशांमधलं अंतर कमी असलं तर टोळी मधून जाते; फार असलं तर जिकडं जास्त डोकी तिकडं. आमच्या ग्रामसभांचं इतिवृत्त मी बरंच पाहिलंय, त्यामुळे यावर मी जास्त बोलत नाही.

आणि बबूनचे एक अभ्यासक रॉबर्ट सापोल्स्की यांची गोष्ट. मसाई माराजवळच्या एका टोळीतले भांडकुदळ नर पर्यटकांच्या निवासाच्या उकिरड्यावर दुसऱ्या टोळीशी मारामारी करून खायला जायचे. ऐंशीच्या दशकात तिथल्या सडक्या मांसातून क्षय आला आणि हेच सगळे दांडगे मेले. मागं राहिले मवाळ नर आणि माद्या. टोळी शांत झाली, त्यात नवल नाही. नवल पुढं आहे. दहा वर्षांनी त्यातला जुना एकही नर उरला नव्हता, सगळे बाहेरून आलेले होते, तरी टोळी तशीच शांत होती. नव्यांनी तिथली रीत उचलली होती. २००४ साली त्यांनी आणि लिसा शेअर यांनी हे छापलं. बाहेरून आलेल्या गड्याला रीत लावणाऱ्या कोण, तर जन्मापासून तिथंच असलेल्या बायका.

हे सगळं शेतकऱ्याला ऐकवायला गेलं तर तो काय म्हणेल ते मला ठाऊक आहे, कारण मी ऐकवून पाहिलंय. नात्यातले एक अण्णा आहेत. डोंगराच्या पायथ्याला त्यांचं रान, हरभरा घाट्यावर आला की टोळी उतरते. गोफण झाली, डबे वाजवून झाले, फटाके झाले. ‘वानरं चार दिवस भितेत, पाचव्या दिवशी फटाका लावणाऱ्याच्या म्होरं बसून खातेत,’ अण्णा म्हणाले. खातात त्याच्या दुप्पट मोडतात, ते वेगळंच. पंचनाम्याला मी जायची तेव्हा शेताच्या मधोमध उपटून टाकलेल्या हरभऱ्याच्या जुड्या दिसायच्या, घाटे अर्धे सोललेले. अण्णांची मागणी सोपी होती. ‘त्यो एक मोठा हुप्प्या हाय, त्योच समद्यांला घेऊन येतो. पिंजरा लावून त्याला उचला, लांब नेऊन सोडा. बाकीची आपोआप थंड व्हतील.’

केनियातल्या शेतकऱ्यांचंही हेच रडगाणं होतं. गिलगिलजवळ शर्ली स्ट्रम १९७२ पासून बबूनच्या टोळीबरोबर काम करत होत्या. पुढं तिथल्या मोठ्या कुरणाचे तुकडे पडून शेतं झाली, बबून मक्यात शिरले, आणि त्यांना मारायची भाषा सुरू झाली. स्ट्रमबाईंनी १९८४ साली तीन टोळ्या पकडून लायकिपियाच्या पठारावर नेऊन सोडल्या, आणि त्या तिथं टिकल्या. पण त्यांनी एकटादुकटा नर उचलला नाही. आख्ख्या टोळ्या उचलल्या, म्हाताऱ्या माद्यांसकट, पोरांसकट.

अण्णांच्या उपायाचा प्रयोग तर आधीच होऊन गेलाय, तोही धारवाडला. सुगियामांनी मुद्दाम एका टोळीतला एकुलता एक मोठा नर काढून घेतला होता, पुढं काय होतं ते बघायला. टोळी तिथंच राहिली. बाहेरचा नर आत शिरला, दूध पिती पोरं मेली, आणि माद्या लवकरच नव्या नराशी जुळल्या. हे मी अण्णांना सांगितलं. पिंजऱ्यात हुप्प्या जाईल, रानाची वाट ठाऊक असलेल्या म्हाताऱ्या जाणार नाहीत. टोळी तुमच्या रानात उतरायची थांबणार नाही, फक्त मधल्या काळात पोरं मरतील, आणि पुढच्या हंगामात तेवढीच नवी पोटाला चिकटून येतील. सोडलेला हुप्प्या दुसऱ्या कुणाच्या शिवारात तेच करील.

अण्णांनी तंबाखू मळली. ‘म्हंजे मालकीण हायेत त्या,’ म्हणाले, ‘आन् पकडायचा गडी.’ मग थोड्या वेळानं विचारलं, उपळ्याला आणखी सोय होईल का, आमची बी तिकडं नेऊन सोडायची. मी म्हटलं, तिथले खातेदार हरकत घेतील.